सेन्सरवर आळ

आमच्या वर्कशॉपच्या काकाजींसमोर 'सेन्सर गेला' असं म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच, तर ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि विचारायचे, "गेला? कुठी गेला? जाताना तुले सांगून गेला का?" उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात हा प्रश्न मला चार माणसांसमोर विचारला गेला. माझ्याकडे डिप्लोमा होता, नवाकोरा लॅपटॉप होता, इस्त्रीचा शर्ट होता. उत्तर नव्हतं. मला इतका राग आला, की संध्याकाळी अमरावतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या ठरवून टाकलं, हा म्हातारा रिटायर होईपर्यंत याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. तो निश्चय जेमतेम दोन दिवस टिकला.

आमचं काम पोकलेन दुरुस्तीचं, आणि मालकांनी विकलेल्या नव्या मशीन साइटवर ताब्यात देण्याचं. मशीन कोणत्याही कंपनीची असो, माती उकरणाऱ्या त्या धुडाला आमच्याकडे पोकलेनच म्हणतात. ते सगळं तेलाच्या दाबावर चालतं. दाब किती आहे हे मशीनच्या कॉम्प्युटरला कळवायला जागोजागी अंगठ्याएवढे सेन्सर बसवलेले असतात. दाबाचा आकडा वेडावाकडा आला की कॉम्प्युटर घाबरतो, मशीनची ताकद निम्म्यावर आणतो आणि पडद्यावर एक नंबर दाखवतो. मग ऑपरेटर फोन करतो, साइटचे साहेब ओरडतात आणि अकोल्याच्या आमच्या वर्कशॉपमधून कोणीतरी निघतं. त्या नंबरात सेन्सरचं नाव असतं, म्हणून सगळं जग सेन्सरचीच गचांडी धरतं. काकाजींची उभी हयात सेन्सरची बाजू घेण्यात गेली.

त्यांच्या या खोडीमुळे एका पोळ्याला एका ऑपरेटरची नोकरी टांगणीला लागली होती. ते सांगणारच आहे. पण त्याआधी माणूस कळला पाहिजे, नाहीतर तुम्हाला ते खरं वाटायचं नाही.

काकाजी कामावर पांढरा पायजमा आणि पांढरा सदरा घालून यायचे. हायड्रॉलिकच्या कामात पांढरे कपडे म्हणजे शुद्ध वेडेपणा. सकाळी दहालाच आमच्या अंगावर तेलाचे डाग, आणि यांच्या सदऱ्यावर संध्याकाळी फार तर चहाचा एखादा थेंब. मी एकदा न राहवून विचारलं. म्हणाले, "आंगावर तेल उडालं म्हंजे आतला दाब न सोडता नट खोलला. कपडे माही बायको धुते. तिच्यासमोर कामाची चोरी उघडी पडते." मी माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि विषय बदलला.

लॅपटॉपचा त्यांना राग नव्हता, उलट कौतुकच होतं. फक्त ते त्याला तक्रारीची वही म्हणायचे. "तक्रार खरी असते रे. पन चूक कोनाची हे त्या वहीत नसते. ते तुले शोधा लागते." त्यासाठी त्यांच्याजवळ एक जुना काट्याचा मीटर होता. साध्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, पितळी, ताटलीएवढा. तो थेट तेलाच्या नळीला जोडला की काटा खरा दाब दाखवायचा. त्याला ना बॅटरी, ना वायर. वर्कशॉपमधलं दुसरं काहीही कोणी न विचारता उचललं तरी चालायचं, त्या मीटरला हात लावला की काकाजी दिवसभर अबोला धरायचे.

वर्कशॉपची जीप होती, पण ते साइटवर जायचे एसटीने. ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायचे, कारण तिथून ब्रेकच्या हवेचा मीटर दिसतो. एकदा आम्ही दोघं अमरावतीला निघालो होतो. बोरगाव सोडल्यावर ते ड्रायव्हरला सांगू लागले, "दादा, हवा कमी दाखवून राहिली, गाडी बाजूले घ्या." ड्रायव्हरने दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाला, "काकाजी, तुमी चालवता का?" काकाजी मूर्तिजापूरला उतरून गेले. मी नाही उतरलो, मला भूक लागली होती. बस वेळेवर सुखरूप पोचली आणि काकाजी दोन तासांनी मागच्या बसने आले. येताच म्हणाले, "चुकलो बाप्पा. मीटर बराबर होता, माहे डोये कमजोर झाले." चूक कबूल करताना हा माणूस जितका खुश दिसायचा तितका पगाराच्या दिवशीही नाही. मग त्यांनी मला गिलावडे, म्हणजे अमरावतीचे दहीवडे, खाऊ घातले आणि दुसऱ्या दिवशी चष्मा करायला टाकला.

घर त्यांचं जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला कुकरचं झाकण लटकलेलं दिसलं. झाकणाला भोक पाडून त्यात चक्क दाबाचा मीटर बसवलेला. काकूंनी मी विचारायची वाटही पाहिली नाही. "पाय बावा, तुह्या काकाजीचे धंदे. तीन शिट्ट्या झाल्या की वरन शिजते, त्याले मीटर कायले पायजे?" काकाजी पाटावरून म्हणाले, "शिट्टी वेगवेगळ्या दाबाले वाजून राहिली होती." काकू म्हणाल्या, "अन् वरन रोज शिजून राहिलं होतं." काकाजींनी निमूटपणे नवा कुकर आणून दिला होता आणि त्यानंतर स्वयंपाकघरात त्यांना बंदी होती.

मला त्यांनी शिकवलं ते बाळापूरच्या रस्त्यावरच्या एका खडीच्या साइटवर. तिथल्या पोकलेनवर पुढच्या पंपाच्या दाबाचा नंबर येत होता. मी सेन्सर बदलला. नंबर परत आला. मी म्हटलं, नवाच खराब निघाला असेल, आणि पुन्हा बदलला. नंबर पुन्हा हजर. तेव्हा काकाजी आले. आल्यावर आधी बसायला जागा मागितली, ऑपरेटरला समोर बसवलं आणि कालपासूनचं सगळं विचारू लागले. कुठं खोदलं, मशीन उभी कुठं केली, उतारावर की सपाटीवर, डब्यात काय होतं. मी उन्हात करपत होतो. चिडून म्हटलं, डब्याचा आणि दाबाचा काय संबंध? "काईच नाई," ते म्हणाले. "पन डब्याचं खरं सांगते, तो बाकीचं बी खरं सांगते."

मग म्हणाले, "पंप दोन, सेन्सर दोन, दोनी सारखेच. एकमेकाच्या जागी लाव. नंबर सेन्सरसंगं दुसऱ्या पंपावर गेला, तर सेन्सर चोर. जाग्यावरच राहिला, तर सेन्सर बिचारा, वायर चोर." मी अदलाबदल केली. नंबर जागेवरच राहिला. वायर मागे जात जात एका लोखंडी पट्टीला घासत होती, वरचं प्लास्टिक सोलून तांबं उघडं पडलं होतं. पाच मिनिटांचं काम. मी दोन चांगले सेन्सर उगाच काढून फेकले होते. काकाजींनी ते उचलले, पुसले आणि माझ्या हातात दिले. "यायची माफी माग." मी म्हटलं, मी लोखंडाची माफी मागणार नाही. "नको मागू. मंग आठ दिवस खिशात घेऊन फिर." आणि मी मूर्ख खरोखर फिरलो. शर्टाचा खिसा फाटला, चहावाल्याने विचारलं हे काय हो साहेब, आणि आईला वाटलं मी वर्कशॉपमधून काहीतरी चोरून आणलं.

आता पोळ्याचं.

त्या दिवशी मी अमरावतीला घरी होतो. आईने पुरण शिजत घातलं होतं. सकाळीच फोन आला, चांदूर रेल्वेच्या पुढे मुरमाच्या खदानीवर पोकलेन अडली आहे, नंबर एक नाही, तीन आलेत, ताबडतोब या. सणाच्या दिवशी ताबडतोब. मी मनातल्या मनात ठेवणीतल्या शिव्या दिल्या, अकोल्याहून एसटीने आलेल्या काकाजींना स्टँडवरून मोटरसायकलवर घेतलं आणि निघालो.

साइटचे साहेब पुण्याकडचे. शुद्ध बोलणारे, शिस्तीचे, मनाने वाईट नव्हते. त्यांनी आमच्या येण्याआधीच निकाल लावला होता. "पंप गेलाय. हा माणूस बकेट दगडावर आपटतो, मी स्वतः पाहिलंय. किल्ली काढून घेतली आहे. तुम्ही तेवढं लिहून द्या, दुपारी चांदूरला ट्रॅक्टर जाणार आहे, त्यात याला बसवून देतो."

'हा माणूस' फाटकाजवळ स्वतःच्या पत्र्याच्या पेटीवर बसला होता. कौंडण्यपूरकडचा, तिशीतला, हडकुळा. मी त्याला ओळखत होतो, कारण उन्हाळ्यात ही मशीन त्याच्या ताब्यात मीच दिली होती. सहा वर्षं हेल्पर म्हणून ग्रीस भरत फिरल्यावर त्याला बसायला सीट मिळाली होती, आणि ही त्याची पहिली मशीन. पंप फोडला असा शिक्का घेऊन इथून निघाला असता, तर त्याला कोणी पुन्हा सीटवर बसू दिलं नसतं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

काकाजींनी खुर्ची मागवली आणि त्याला पेटीसकट समोर बोलावलं. "काल डब्यात काय होतं?"

"भाकर अन् चवळीची भाजी."

"काम कवा बंद केलं?"

"चारले. सपाटीवर उभी केली."

"अन् मंग?"

"मंग काई नाई."

काकाजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि उठले. लुगड्याच्या फडक्यातून मीटर काढला, पंपाच्या नळीला जोडला, मला साहेबांकडून किल्ली घेऊन मशीन सुरू करायला सांगितली. काटा जिथं जायला हवा तिथं जाऊन ठाम उभा राहिला. दोन्ही पंपांचा. साहेबांनी वाकून पाहिलं. "पंप चांगला हाय साहेब," काकाजी म्हणाले. "आता हे तिनी सेन्सर एकाच वक्ती आजारी पडले, म्हंजे पानी एकाच विहिरीचं असन."

ती विहीर म्हणजे पाच व्होल्टची वायर. कॉम्प्युटरकडून निघालेली ही एकच वायर पुढे तिन्ही सेन्सरांना पुरते. मी मल्टीमीटर लावला. पाचाच्या जागी दीड. तिघांपैकी कोणीतरी एकटाच सगळं गिळत होता आणि बाकीचे दोघं उपाशी राहून नंबर देत होते. आता एकेकाची जोडणी काढून पाहायची. पुढच्या पंपाची काढली, दीडच. मागच्या पंपाची काढली, तरी दीडच. तिसरा सेन्सर बूमच्या बुडाशी होता, जिथून मशीनचा हात सुरू होतो तिथं. मी तिकडे वळलो तसा तो ऑपरेटर पेटीवरून उठून उभा राहिला. तिसरी जोडणी काढली आणि मीटरवर पाच आले.

जोडणीच्या तोंडातून पिवळं पाणी ठिबकलं. मला वाटलं गंज. काकाजींनी बोटावर घेतलं, हुंगलं आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. हळद होती. हळद आणि साजूक तूप.

"खांदशेकणी केली का रे?" काकाजींनी हळूच विचारलं.

साहेबांना समजेना, म्हणून मी सांगितलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकतात, तूप-हळद चोळतात. वर्षभर जू वाहिलेलं असतं, म्हणून.

ऑपरेटर खाली मान घालून बोलू लागला. "घरचे बैल भावाकडं हायेत. मी इथं. खांदशेकणीले हात रिकामा ठेवाचा का? वर्साची कमाई तर हीच करून राहिली. मंग हिचा खांदा कोनता ते पायलं. हात जिथून निघते तोच खांदा. हे वायरीचं टोपन मधात येत होतं, ते काढलं, चांगलं शेकलं, पुसलं अन् परत लावलं."

लावलं होतं, पण आतली रबराची रिंग दुमडली होती. गरम पाणी, हळद, तूप, सगळं आत गेलं होतं. मला हसू येत होतं. इतक्या मशीन मी विकलेल्या पाहिल्या, इतक्या बिघडलेल्या पाहिल्या, कोणी तिचा खांदा शोधलेला पाहिला नव्हता.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ते मागेही हटत नव्हते. "भावना समजली. पण जोडणी कोणी उघडायची नाही, हा नियम आहे. पंप नाही गेला, ठीक. मशीन तर यानेच बंद पाडली. उद्या दुसरा काहीतरी उघडेल. तुम्ही हेच लिहून द्या." आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. काकाजी खोटा रिपोर्ट लिहिणार नाहीत हे मला ठाऊक होतं. सेन्सर खराब होता असं एक वाक्य लिहिलं असतं तर सगळं मिटलं असतं, पण ज्याने सेन्सरवर कधी आळ येऊ दिला नाही त्याच्याकडून ते वाक्य मागायचं कसं?

काकाजी ऑपरेटरकडे वळले. "मशीन ताब्यात घेतली तवा तुले कोनी सांगतलं नाई का, पानी कुठी मारायचं नाई, काय उघडाचं नाई?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाला, "सांगतलं असन. मीच इसरलो असन."

मी सांगितलं नव्हतं. मशीन देताना ऑपरेटरला तासभर सगळं समजावून सांगायचं असतं, पानभर मुद्दे असतात आणि प्रत्येकापुढे खूण करायची असते. मशीन कशी धुवायची हा त्यातलाच एक. त्या दिवशी अमरावतीला माझ्या मावसभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळ्या खुणा स्वतःच केल्या, ऑपरेटरची सही घेतली, बकेट कशी हलते ते दाखवलं आणि दहा मिनिटांत पळालो. त्याला ते पक्कं आठवत होतं. नोकरी जात असताना तो मला वाचवत होता, कारण मी साहेब होतो आणि साहेबाचं नाव घ्यायचं नसतं, असं त्याला सहा वर्षांत कोणीतरी शिकवलं होतं. मला माझीच इतकी शरम वाटली की वर बघवेना.

काकाजींनी रिपोर्टचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "लिव. मराठीत लिव. ज्याच्याबद्दल लिवून राहिला, त्याले वाचता आलं पायजे." त्यांना माझ्या त्या दहा मिनिटांची कल्पना होती की नव्हती, मी आजवर विचारलेलं नाही.

मी लिहिलं. पंप चांगला. तिन्ही सेन्सर चांगले. बूमच्या सेन्सरच्या जोडणीत पाणी गेल्यामुळे पाच व्होल्ट उतरले. जोडणी ऑपरेटरने साफ करण्यासाठी उघडली. इथं पेन थांबलं. काकाजी दुसरीकडे पाहत जोडणी फडक्याने पुसत होते. मग मी पुढे लिहिलं, मशीन देताना धुण्याची पद्धत ऑपरेटरला समजावून सांगण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, कागदावरची खूण खोटी आहे. खाली माझं नाव घातलं आणि कागद फाडून आधी ऑपरेटरला दिला. त्याने ओठ हलवत सगळं वाचलं, मग कागद साहेबांना नेऊन दिला.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"हो साहेब."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि त्यांच्या पत्र्याच्या ऑफिसात निघून गेले. पुढे आमच्या मालकांनी माझी जी पूजा बांधली ती बांधली, आणि त्या वर्षी दिलेल्या प्रत्येक मशीनकडे परत जाऊन पान समजावून यायला लावलं. खेडोपाडी इतकं उन्हातान्हात फिरलो, आणि खरं सांगतो, नोकरीतले तेच दिवस मला सगळ्यात आवडले. काकाजी आता रिटायर होऊन घरी असतात, अजून फोन करून विचारतात, कोणावर आळ घेतला का आज.

पण त्या दुपारी हे काही घडलेलं नव्हतं. रिंग सरळ बसवली, जोडणी कोरडी केली, तिन्ही नंबर गेले. मशीन ठणठणीत होती आणि ऑपरेटर पुन्हा फाटकाजवळ पेटीपाशी उभा होता. बसावं की नाही हेही त्याला कळत नव्हतं. काकाजींनी दोन बादल्या पाणी मागवलं.

"दोघं बी या इकडं," ते म्हणाले. "मशीन धुवाची कशी ते शिका. ह्याले कोनी सांगतलं नाई, अन् तुले येत असन असं मले वाटत नाई."

मग सणाच्या दुपारी, अमरावतीला पुरणपोळ्या गार होत असताना, मी शर्टाच्या बाह्या वर करून पोकलेन पुसत होतो आणि माझ्या शेजारी ऑपरेटर. काकाजी खुर्चीवर बसून एकेक सांगत होते. इथं ओला फडका, इथं कोरडाच. हे टोपन दिसलं की हात मागं. चिखल काडीनं काढ, पानी मारू नको. तूप लावायचं तर पुढच्या साली हिच्या बकेटीले लाव, तिथं वायर नाई. ऑपरेटर प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता आणि मधून मधून फाटकाकडे बघत होता.

ट्रॅक्टर आला तेव्हा आमचं अर्धं काम व्हायचं होतं. ड्रायव्हरने फाटकाशी उभा करून हॉर्न वाजवला. ऑपरेटरचा हात थांबला. त्याने फडका पिळला, घडी करून माझ्या हातात दिला आणि पेटीकडे जायला निघाला. मी फडका हातात धरून ऑफिसकडे वळलो. काकाजी खुर्चीतून उठले.

साहेब ऑफिसमधून बाहेर आले. आमच्याकडे न पाहता सरळ फाटकापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "तू जा. इथून कोणी येणार नाही."

ट्रॅक्टर वळून रस्त्याला लागला. ऑपरेटरने पेटी उचलून पुन्हा आत नेऊन ठेवली. मग परत आला, माझ्या हातातून फडका घेतला आणि जिथं सोडलं होतं तिथून पुसायला लागला.